दुसऱ्या गुरुवारी कोण आलं?

‘ताई, मी लातूरमधल्या एका कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. यंदा आमच्या डिबेट क्लबची जबाबदारी माझ्याकडे आली. दर वर्षी जुलैत पहिल्या मीटिंगला चाळीसेक पोरं येतात आणि दिवाळीपर्यंत पाच-सहा उरतात. उरलेली बहुतेक इंग्रजी माध्यमातली. दर गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला आम्ही एशियन पार्लमेंटरी, म्हणजे संसदेसारखी सरकारी आणि विरोधी बाजू करून डिबेट करतो, इंग्रजीत. ऑगस्टमध्ये औसा तालुक्यातल्या एका खेड्यातून येणारी एफवायची मुलगी दोन गुरुवार मागच्या बाकावर बसून गेली. तिसऱ्या गुरुवारी मोशन, म्हणजे वादासाठीचा प्रस्ताव होता, मराठवाड्यात उसावर बंदी घालावी. ती विरोधी बाजूनं उभी राहिली आणि दीड मिनिट बोलली, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. “उसाला पाणी लागतं हे खरंय, पण सोयाबीनचा भाव पडला तर कर्ज कोण फेडायलंय? ऊस कारखाना नेतोच,” असं काहीतरी. ‘फेडायलंय’वर दोघं हसले. मग आमच्या एका सीनियरनं पीओआय टाकला, म्हणजे भाषणाच्या मधेच उठून प्रश्न विचारला, ती गोंधळून खाली बसली. नंतर त्यानं सगळ्यांसमोर दहा मिनिटं फीडबॅक दिला: स्ट्रक्चर नाही, साइनपोस्टिंग (पुढे काय बोलणार ते आधी सांगणं) नाही, भाषा मिक्स. ती पुन्हा आली नाही. कॅन्टीनमध्ये दिसली की नजर चुकवते. मित्र म्हणतात, ज्यांच्यात दम आहे ते टिकतात, सगळ्यांना सांभाळत बसलो तर टीमचा दर्जा जाईल. मला ते पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही. काय करू?’

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचताना मी आधी अडले ते ‘साडेपाच’ या शब्दावर. तू तो सहज लिहून गेलास. मी हिशोब मांडला. एशियन पार्लमेंटरीची एक पूर्ण फेरी म्हणजे तयारीला ३० मिनिटं, दोन्ही बाजूंची मिळून सहा भाषणं प्रत्येकी ७ मिनिटांची, त्यावर ४-४ मिनिटांची दोन रिप्लाय, म्हणजे समारोपाची भाषणं, मग निकाल आणि फीडबॅक. साडेपाचला सुरू केलं की कितीही घाई केली तरी साडेसात वाजतात. औसा तालुक्यातल्या आडबाजूच्या खेड्याला लातूर स्टँडवरून त्या वेळी काय मिळणार? फार तर मुक्कामी गाडी, आणि तीसुद्धा सुटून गेलेली नसेल तर. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, मुलींना त्याचा खरोखर आधार झाला. पण गाडीच निघून गेल्यावर अर्ध्या तिकिटाचं काय करायचं?

ती मागच्या बाकावर बसायची, असं तू लिहिलंस. बुजरी म्हणून बसत असेल. पण मागचं बाक दाराजवळचंही असतं. ज्याला मधूनच उठून स्टँड गाठायचंय तो तिथंच बसतो. मी गेली अठरा वर्षं कॉलेजात शिकवते. शेवटच्या तासाला असे चेहरे रोज बघते. बॅग मांडीवर, अर्धं लक्ष घड्याळाकडे, आणि आम्ही शिकवणारे समजून बसतो की यांना विषयात गोडी नाही. मीही कित्येक वर्षं तसंच समजत होते. एकदा एका मुलानं सांगितलं, ‘मॅडम, सव्वासहानंतर आमच्या फाट्याला गाडी नाही,’ तेव्हा डोळे उघडले.

म्हणून दर्जाबिर्जाची चर्चा नंतर. आधी एफवायच्या वर्गांत चिठ्ठ्या फिरव आणि एवढंच विचार: तू कुठून येतोस किंवा येतेस, आणि परतीची गाडी किती वाजता. नाव लिहायची सक्ती नको. लेक्चर आणि प्रॅक्टिकलच्या मधे दुपारी तास-दीड तास सापडतो का ते बघ, नाहीतर शनिवारी सकाळी. नव्यांची भाषणं तीन मिनिटांची ठेवलीस तर आख्खी फेरी तासाभरात आटोपते. सात मिनिटांचा आकडा स्पर्धेसाठी आहे. तो काही देवाचा शब्द नाही.

आता तुझ्या मित्रांचं म्हणणं. ‘ज्यांच्यात दम आहे ते टिकतात.’ हे वाक्य मी खूप ठिकाणी ऐकलंय, आणि ते म्हणणारी मुलं वाईट नसतात. फक्त तुमच्या खोलीत तपासलं काय जातंय, ते त्यांनी थांबून बघितलेलं नसतं. माझी गोष्ट सांगते.

मी परभणीची. शाळेत वक्तृत्वाचे बरेच चषक मिळवलेले, पाठ केलेली भाषणं, सुरुवातीला दोन ओळी कवितेच्या, आवाज खणखणीत. एसवायला असताना पुण्यात एका पार्लमेंटरी डिबेटला गेले. नियमांचं एक पान हातात दिलं होतं, ते इंग्रजीत, आणि घाईत. मी उभी राहिले. दुसरं मिनिट सुरू झालं असेल नसेल, समोरच्या बाजूचा एक मुलगा ताडकन उठला, एक हात डोक्यावर, दुसरा माझ्याकडे पसरलेला. मला वाटलं, मला थांबायला सांगताहेत. काहीतरी मोठी चूक झाली असणार. मी ‘धन्यवाद’ म्हणाले आणि खाली बसले. खोलीत कोणी काहीच बोललं नाही. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

फेरी संपल्यावर मी जिन्यात बसून होते. विरोधी टीममधली एक मुलगी चहाचे दोन कप घेऊन आली, शेजारी बसली. म्हणाली, तो पीओआय होता. भाषण चालू असताना समोरची बाजू छोटासा प्रश्न विचारू शकते, पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून. घ्यायचा की नाही ते तू ठरवायचं. नको असेल तर हातानं ‘बसा’ अशी खूण करायची आणि आपलं बोलणं चालू ठेवायचं. डोक्यावरचा हात म्हणजे जुन्या इंग्लंडमध्ये उठून उभं राहताना केसांचा टोप सांभाळायचे, त्याची राहिलेली लकब, असं म्हणतात. मग ती म्हणाली, ‘तुझी पाच मिनिटं उरली होती गं. आणि तू जे बोलत होतीस त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.’

त्या दिवशी माझी परीक्षा झाली ती एकाच गोष्टीची, हे नियम मी आधी कुठं ऐकलेत का. विचार, अभ्यास, आवाज यातलं काही तपासलंच गेलं नाही. दुसऱ्या फेरीला मी उभी राहिले ती त्या चहामुळे. तो चहा आला नसता तर मीही दम नसलेल्यांत गणली गेले असते, आणि त्यात कोणाला काही चुकलंय असंही वाटलं नसतं. तुमच्याकडे त्या गुरुवारी जे झालं ते जवळजवळ हेच आहे. म्हणून तुझ्या पत्रातल्या चाळीस आणि सहा या आकड्यांकडे मी जरा वेगळ्या नजरेनं बघते. पहिल्या गुरुवारी किती आले, याला फारसा अर्थ नाही, नोटीस वाचून कोणीही येतं. पहिल्यांदा बोलल्यानंतरच्या गुरुवारी कोण परत आलं, ते मोजायला लाग. वहीत नावं लिही. जो बोलला आणि परत आला नाही, त्याच्या पहिल्या भाषणाच्या वेळी काय झालं होतं, ते आठवून शेजारी लिही. महिन्याभरात तुला स्वतःलाच दिसायला लागेल.

पहिल्या दिवशी बरेच क्लब सीनियरांचं प्रात्यक्षिक डिबेट ठेवतात. तुम्हीही ठेवत असाल. मला ते अजिबात आवडत नाही. आपल्याला जे येत नाही ते तासभर बघत बसायचं, आणि तेही झपाट्यानं बोललेल्या इंग्रजीत. त्यातून पोरं शिकत नाहीत, दबून जातात. त्याऐवजी बाकं बाजूला सारा आणि एक विषय द्या, ज्यावर लातूरच्या कुठल्याही पोराला मत आहे. वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडावं का? मोबाईल वर्गात आणू द्यावा का? पटतंय त्यांनी खिडकीकडे जायचं, पटत नाही त्यांनी दाराकडे. मग एकेकानं एकच कारण सांगायचं, एका वाक्यात, कुठल्याही भाषेत. ऐकून कोणाचं मत हललं तर त्यानं चालत पलीकडे जायचं. दहा मिनिटांनी बाजूंची अदलाबदल करा: आता खिडकीवाल्यांनी दाराकडचं म्हणणं मांडायचं. एवढ्यात पोरांच्या नकळत खंडनही होऊन जातं आणि बाजू बदलूनही होते. सगळ्यांच्या तोंडून एक तरी वाक्य निघालेलं असतं, आणि पहिलं वाक्य निघणं हेच अवघड असतं.

बाजू बदलण्याचं मात्र नीट बसून समजावून सांगायला हवं, कारण आपल्याकडे ही अडचण खोल आहे. पार्लमेंटरीत बाजू चिठ्ठीनं किंवा टॉसनं येते. शहरातल्या, सवय झालेल्या मुलांना त्याचं काही वाटत नाही. पण जी मुलगी गावातून येते, तिच्या गावात पारावर माणूस जे बोलतो ते त्याचं मत समजलं जातं, पुढे दहा वर्षं ते त्याच्या नावावर राहतं, निवडणुकीत निघतं. तिला ‘उसाच्या बंदीच्या बाजूनं बोल’ म्हटलं आणि तिच्या घरी दोन एकर ऊस आहे, तर तिच्या मनात काय होत असेल याचा विचार कर. तिला सांगायचं की इथं तू मत देत नाहीयेस, तू एका बाजूचं वकीलपत्र घेतलंयस. हे काही विलायतेहून आलेलं नाही. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःला मान्य होईल इतकं नीट मांडायचं, आणि मगच उत्तर द्यायचं, अशी शिस्त होती. न्यायदर्शनात तर वाद, जल्प आणि वितंडा असे भेदच केलेत. सत्य शोधण्यासाठी केला तो वाद, केवळ जिंकण्यासाठी केला तो जल्प, आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता नुसतं समोरच्याचं पाडत राहणं ती वितंडा. नव्या मुलांना हे सांगितलं की त्यांना आपण काहीतरी परकं, खोटं करतोय असं वाटत नाही. पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत आरक्षण, जात, धर्म असे विषय नकोत. ते टाळायचे विषय आहेत असं मी म्हणत नाही. ज्याचं घर त्या विषयात उभं आहे त्याला चिठ्ठी टाकून विरुद्ध बाजूला उभं करायला आधी एकमेकांवर विश्वास लागतो, आणि तो जुलैत तयार झालेला नसतो.

लातूरच्या पोरांबद्दल अजून एक, मी जवळून पाहिलेलं. ही मुलं दहावी-बारावीला ‘लातूर पॅटर्न’मधून गेलेली असतात. भल्या पहाटे उठून क्लास, रोज टेस्ट, चार पर्यायांतला एकच बरोबर. त्या मेहनतीबद्दल मला फार आदर आहे. त्यातून कितीतरी घरांत पहिला डॉक्टर, पहिला इंजिनियर आला. पण त्याची एक सवय अंगात मुरते: उत्तर माहीत असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. डिबेटमध्ये बरोबर उत्तर कोणाकडेच नसतं, ते त्या तासाभरात रचायचं असतं, आणि हे कोणी सांगितलं नाही तर हुशार पोरगीसुद्धा दोन गुरुवार गप्प बसते. तू सांग. शब्दांत सांग, फळ्यावर लिही.

फळ्याचा विषय निघालाच आहे तर, तुमचे सगळे शब्द एकदा मराठीत लिहून ठेव. मोशन म्हणजे प्रस्ताव. प्राइम मिनिस्टर, लीडर ऑफ अपोझिशन म्हणजे पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेता. व्हिप म्हणजे प्रतोद. रिबटल म्हणजे खंडन. पीओआय म्हणजे मधेच विचारलेला प्रश्न. पोरं मराठी पेपर वाचतात, अधिवेशनाच्या बातम्या ऐकतात. प्रतोदानं पक्षादेश काढला हे त्यांना कळतं, पण तुमच्या खोलीत ‘व्हिप’ ऐकलं की आपल्याला यातलं काहीच येत नाही असं वाटतं. ओळखीची गोष्ट अनोळखी नावानं समोर आली की माणूस बुजतो. नंतर इंग्रजी शब्दच वापरा, हरकत नाही, स्पर्धेत तेच लागतात.

इंग्रजीबद्दल तुझा सीनियर जे म्हणाला, ‘भाषा मिक्स’, त्यावर मला थोडं ठामपणे बोलायचंय. विद्यापीठांची जागतिक डिबेट स्पर्धा १९८१ साली ग्लासगोत सुरू झाली, २०१४ ला ती आपल्या चेन्नईत झाली. तिथं ब्रिटिश पार्लमेंटरी नावाची दुसरी पद्धत चालते, इंग्रजीत. आणि त्या स्पर्धेतसुद्धा इंग्रजी ही ज्यांची दुसरी किंवा परकी भाषा आहे अशा टीम्ससाठी बाद फेऱ्यांचे वेगळे गट आहेत. स्पॅनिश बोलणाऱ्या विद्यापीठांनी तर आपली जागतिक स्पर्धाच वेगळी उभी केली. जगातल्या सगळ्यात मोठ्या मंचानं ही सोय केली, तर लातूरमधल्या गुरुवारच्या सरावाला इतकं कडक राहायचं कारण काय? माझ्या अनुभवात चालतं ते असं: तयारी मराठीत, हिंदीत, उर्दू माध्यमाची मुलं असतील तर दख्खनीत. पहिला महिना भाषणही हव्या त्या भाषेत. दुसऱ्या महिन्यात तेच भाषण, तोच मुद्दा, इंग्रजीत पुन्हा. मुद्दा आधीच पक्का असला की भाषा त्याच्यामागून येते. इंग्रजी आणि विचार दोन्ही एकदम अंगावर घातले तर पोरं इंग्रजीशीच झुंजत बसतात आणि विचार राहून जातो.

आणि ‘फेडायलंय’वर जे हसले त्यांच्याशी बोल. बाजूला घेऊन बोल, सगळ्यांसमोर नको, नाहीतर तू त्यांच्याशी तेच करशील जे तिच्याशी झालं. आपण सगळे घरी ‘करायलोय, जायलोय’ म्हणतच बोलतो. ते हसले यात द्वेष नसेल, पण त्या क्षणी तिच्या लक्षात राहिलं ते हसूच. यापुढं कोणी हसलं तर तू तिथल्या तिथं, हात वर करून, शांतपणे म्हण, ‘भाषण चालू आहे.’ बास. मोठ्या स्पर्धांत यासाठी इक्विटी ऑफिसर म्हणून वेगळी माणसं नेमलेली असतात. तुमच्याकडे ते काम अध्यक्षाचं, म्हणजे तुझं.

आता तिची ती दीड मिनिटं. यावर मला थोडं थांबायचंय, कारण तुझं पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटलं.

मोशन उसावर बंदीचं. सरकारी बाजू काय बोलली असेल मी अंदाज करू शकते. ऊस पाणी पितो, मराठवाडा दुष्काळी, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. सगळं खरं. ही मुलगी तेव्हा प्राथमिक शाळेत असेल, घागर घेऊन रांगेत उभीही राहिली असेल. तरी ती उठून म्हणाली, ‘उसाला पाणी लागतं हे खरंय.’ म्हणजे समोरच्याचं जे खरं आहे ते तिनं आधी मान्य केलं. हे भल्याभल्या डिबेटरांना जमत नाही. मग म्हणाली, ‘सोयाबीनचा भाव पडला तर?’ आणि मग, ‘ऊस कारखाना नेतोच.’

त्या ‘नेतोच’मधला ‘च’ बघ. तिचा आख्खा मुद्दा त्या एका अक्षरात आहे. उसाचा एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा किमान भाव, केंद्र सरकार ठरवतं, आणि ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत पैसे देणं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानं कारखान्याला बंधनकारक आहे. बिलं थकतात, आंदोलनं होतात, तेही खरं. पण भाव आधीपासून कायद्यानं बांधलेला असतो आणि गिऱ्हाईक ठरलेलं असतं. सोयाबीनला हमीभाव जाहीर होतो, पण आडतीवर माल नेल्यावर त्याच भावानं घ्यायची व्यापाऱ्याला तशी सक्ती नाही. म्हणजे शेतकरी ऊस लावतो तो पाण्याची पर्वा नाही म्हणून लावत नाही, खात्रीचं दुसरं पीक त्याच्यासमोर ठेवलेलं नाही म्हणून लावतो. मग बंदी घातली तर पाणी वाचेल आणि घर बुडेल. त्या दिवशीच्या वादाचा गाभा हाच होता. आणि तुझ्या पत्रावरून तरी तो गाभा त्या खोलीत दुसऱ्या कोणी काढलेला दिसत नाही. एशियन पद्धतीत जुन्या रीतीनं गुण देतात तेव्हा मॅटरला, म्हणजे मुद्द्यांना ४०, मॅनरला, म्हणजे बोलण्याच्या ढंगाला ४० आणि मेथडला, म्हणजे रचनेला २० असतात. तुमचा सीनियर दहा मिनिटं प्रामुख्यानं त्या २० गुणांबद्दल बोलला.

मी असते तर तिच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसले असते. उभं राहून, वरून बोलायचं नाही. तिचंच वाक्य तिला परत दिलं असतं: ‘तू म्हणालीस, ऊस कारखाना नेतोच. हे फार पक्कं बोललीस. नेतोच कशावरून, ते मला अजून सांग ना.’ तिनं घरचं काहीतरी सांगितलं असतं, तोडणीची टोळी, बिलाची तारीख, गेल्या वर्षी सोयाबीन कसं विकलं ते. मग एवढंच म्हटलं असतं, ‘पुढच्या वेळी हे वाक्य सगळ्यात आधी म्हण, आणि त्याच्यामागं हे आत्ता सांगितलंस ते एक उदाहरण जोड.’ दोन मिनिटांत संपलं असतं. नव्या माणसाला एका वेळी एकच बदल सांगायचा, पुढच्या गुरुवारी करून बघता येईल असा. साइनपोस्टिंग ऑक्टोबरात शिकेल. तिला सांगण्यासारखं आधी हे होतं की तिच्याकडे मुद्दा आहे.

पीओआयचं म्हणशील तर नव्यांना पहिले तीन आठवडे पीओआय नकोच. चौथ्या आठवड्यापासून मैत्रीतला एक, आणि तो नाकारायचा सराव आधी करून घ्या. उभं राहून हातानं ‘बसा’ म्हणणं हे आपल्याकडच्या मुलींना फार अवघड जातं. मोठ्या मुलाला, सीनियरला, हातानं बसवायचं! दोन-दोनच्या जोड्या करून नुसतं तेवढंच करवून घ्या. मी करून घेते. पहिल्यांदा लाजतात, तिसऱ्यांदा हात ताठ होतो.

तयारीच्या वेळी नव्यांना जुन्यांसोबत टीममध्ये घालशील तेव्हा एक नियम लाव: पहिली पाच मिनिटं जुन्यानं तोंड उघडायचं नाही, फक्त लिहायचं. नाहीतर काय होतं, सीनियर सगळी केस सांगतो, नवा माणूस ती उतरवून घेतो आणि उभा राहून दुसऱ्याचं भाषण वाचतो. तशा भाषणानंतर कोणी परत येत नाही, कारण बोलल्याचं समाधानच मिळत नाही.

दर्जाची भीती तुझ्या मित्रांना खरी वाटते, तिला उडवून लावू नकोस. स्पर्धेच्या टीमसाठी वेगळा दिवस ठेवा, तिथं पूर्ण सात मिनिटं, कडक फीडबॅक, अवघड मोशन्स, काय हवं ते. पण त्यांना हेही सांग की जागतिक स्पर्धेत परीक्षकाला सामान्य पण जाणत्या मतदाराच्या जागी बसून ऐकायला सांगतात. तुमचे सीनियर एकमेकांनाच कळणाऱ्या भाषेत बोलतात आणि परीक्षकापर्यंत पोचत नाहीत. औशाकडच्या पोरीला कळेल असं मांडायला लागले तर पुण्या-मुंबईच्या स्पर्धेतही त्यांचे गुण वाढतील. ज्यानं शिकवलं त्याला तो विषय दुसऱ्यांदा कळतो, हे मी माझ्यावरून सांगते. आणि त्या सीनियरशी स्वतंत्र बोल. बहुधा त्याच्या पहिल्या वर्षी त्याच्याशी कोणीतरी असंच बोललं असणार, आणि त्यालाच तो शिकवणं समजतो.

स्पर्धेला जाताना पैशाचा प्रश्न येतो, तो आधीच विचार, आणि एकेकट्याला विचार. नोंदणी, रात्रीची रेल्वे, दोन दिवसांचं जेवण, एवढं सगळ्यांना झेपत नाही आणि झेपत नाही असं चारचौघांत कोणी म्हणत नाही, ‘बरं नाही’ म्हणून घरी राहतं. मुलींसाठी घरच्यांना कॉलेजच्या कागदावर पत्र द्या आणि सोबत मॅडम आहेत हे त्यात लिहा. बहुतेक स्पर्धांत प्रत्येक कॉलेजला टीम्ससोबत ॲडज्युडिकेटर, म्हणजे परीक्षक आणावे लागतात. एखाद्या नव्या मुलाला शिकाऊ परीक्षक म्हणून घेऊन जा. दोन दिवस मागं बसून नोट्स काढत निकाल कसा ठरतो हे ऐकलं की वर्षाचं शिक्षण होतं.

आता तिच्याकडे कसं जायचं. एकटा गाठू नकोस, कॅन्टीनच्या कोपऱ्यात तर मुळीच नको. क्लबमधली एखादी मुलगी सोबत घे आणि चार लोक येत-जात असतील अशा ठिकाणी बोल. खेड्यातून येणाऱ्या मुलीला घरी कोण काय पोचवेल याचा विचार रोज करावा लागतो, तो ताण तू वाढवू नकोस. ‘परत ये’ हे पहिलं वाक्य नको. पहिलं वाक्य हे असू दे: ‘त्या गुरुवारी चूक आमची झाली. पीओआय काय असतो हे तुला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तू बसलीस तेव्हा मी थांबवायला हवं होतं.’ मग तिच्या ‘नेतोच’बद्दल सांग, एफआरपीचं सांग, तो मुद्दा खोलीत दुसऱ्या कोणाकडे नव्हता हे सांग. वेळ बदलली असेल तर नवी वेळ सांग. ती ‘बघते’ म्हणाली तर ‘बरं’ म्हणून निघ, पाठपुरावा करू नकोस. नव्या वेळेची नोटीस मराठीत लिहून तिच्या वर्गाबाहेर लाव, म्हणजे तिला कोणाला विचारावं लागणार नाही.

आणि आली, तर कौतुकानं पुढच्या बाकावर बोलावू नकोस. दाराजवळची जागा तिला राहू दे.

तुझी,
ताई